स्कॅनरने कोड दिला, तरी बिघाड का सापडत नाही?

एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नवीन गाडी म्हणजे बीएस-सहा या प्रदूषण-मानकाची गाडी. त्या पहिल्या फळीतल्या बहुतेक गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे. कंपनीच्या वर्कशॉपचं बिल नको म्हणून त्या नाशिकमधल्या द्वारका, वडाळा नाका, सातपूर, अंबडच्या गॅरेजांकडे वळू लागल्या आहेत. आणि तिथे एक तक्रार वारंवार ऐकू येते. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, मेकॅनिकने मशीन लावलं, मशीनने अमुक सेन्सर दाखवला, तो बदलला, चार-सहा हजार गेले आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मालकाला वाटतं फसवलं, मेकॅनिकला वाटतं पार्टच डुप्लिकेट निघाला. बऱ्याचदा दोन्ही खरं नसतं. मशीनने जे सांगितलं त्याचा अर्थ लावताना गडबड झालेली असते.

स्कॅनर बिघडलेला पार्ट दाखवतो, हा समज पक्का रुजला आहे. तो तसं काही दाखवत नाही. गाडीची तक्रार तेवढी वाचून दाखवतो.

दिवा लावतं कोण?

गंगापूर धरणाचं उदाहरण घेऊ. धरणावर पाण्याची पातळी मोजतात, तो आकडा कार्यालयात जातो, तिथे हिशेब होतो आणि दरवाजे किती उघडायचे त्याचा निरोप येतो. गाडीतही असंच चालतं. मोजणारे ते सेन्सर: हवा किती आली, कुलंट किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला. कार्यालय म्हणजे ईसीयू, इंजिनाचा संगणक. दरवाजे म्हणजे इंजेक्टर, थ्रॉटल, इग्निशन कॉइल.

आता कार्यालयात आकडा आला की पातळी धोक्याच्या वर आहे. शक्यता तीन. मोजणारी पट्टी बिघडली असेल, निरोपाची लाइन खराब असेल, किंवा पाणी खरोखरच वाढलं असेल. कार्यालयात बसलेल्या माणसाला यातलं नेमकं काय ते कळत नाही. तो वहीत लिहितो, ‘पातळी मर्यादेबाहेर’. गाडीतला कोड ही तीच नोंद. ती वाचून सेन्सर बदलणं म्हणजे पूर आलेला असताना पट्टी बदलत बसणं.

जुन्या गाडीत प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर होती. आज इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग, मीटर, एसी या सगळ्यांचे छोटे संगणक दोन वायरींच्या एकाच लाइनवर बोलतात. तिला कॅन बस म्हणतात. तिचं काम दवंडीसारखं चालतं: एकाने आरोळी दिली की सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचं काम असेल तो उठतो. दोघे एकदम ओरडले तर ज्याचा निरोप महत्त्वाचा त्याचा पुढे जातो, दुसरा थांबतो. म्हणून चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बिघडला की एबीएसचा दिवा लागतो, काही गाड्यांत त्याबरोबर स्पीडोमीटर पडतो आणि क्रूझ कंट्रोलही बंद होतो. पार्ट एक, तक्रारी तीन. ही कॅन पद्धत बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणली. नाशिककर जिला अजून मायको म्हणतात आणि जिच्या नावाने मायको सर्कल ओळखतात, तीच ही कंपनी.

कोड वाचायचा कसा

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. ते ओबीडी पोर्ट, स्कॅनर इथेच जोडतात. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं आहे. आपल्याकडे चारचाकींत ही व्यवस्था २०१० पासून आली आणि २०१३ पासून तिचा पुढचा, जास्त काटेकोर टप्पा लागू झाला.

कोडचं पहिलं अक्षर विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे संगणकांचं आपसातलं बोलणं तुटलंय. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ गूगलवर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचा सापडतो. याने बरेच जण चकतात.

आता एकच कोड नीट पाहू, कारण सगळी मेख त्यात दिसते. पी ०१७१. अर्थ: पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. शुद्ध पेट्रोलला वजनाने एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते. धुरातल्या ऑक्सिजनवरून ईसीयू हे प्रमाण सतत तपासतो आणि पेट्रोल थोडं वाढवतो किंवा घटवतो. या कमी-जास्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. वीस-पंचवीसपर्यंत गेली की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो.

पुष्कळ ठिकाणी हा कोड दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण तक्रार त्याच्याकडून आलेली असते. पण तो बिचारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो. पार्टला हात लावण्याआधी इंजिन गरम करून लाइव्ह डेटा बघायचा. ट्रिम आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक २० आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ५ वर येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय: इनटेकची (हवा आत नेणाऱ्या मार्गाची) गॅस्केट, चिरलेला व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरची नळी. आयडलला हवा थोडीच असते, त्यामुळे गळती मोठी दिसते. आरपीएम वाढले की एकूण हवेत ती बुडून जाते. उलट, आयडलला सगळं ठीक आणि चढावर, भाराखाली ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तिथे फिल्टर आणि पंपाचं प्रेशर बघायचं. दोन्हीकडे सारखीच वाढलेली असेल तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलेली असू शकते, किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच सायलेन्सरची लाइन गळत असू शकते.

यात एक पोटभेद आहे, आणि तो माहीत नसला की चांगला मेकॅनिकही फसतो. वरचं गणित हवेचं वजन थेट मोजणाऱ्या गाड्यांचं आहे. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तसा सेन्सर नसतो. इनटेक मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांतल्या) दाबावरून हवेचा अंदाज बांधतात. तिथे चोरून आलेली हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फार हलत नाही, पण आयडल चढलेलं राहतं. म्हणून आधी गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघायचं.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून सध्या बरीच चर्चा आहे, तिचाही इथे संबंध येतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे या पेट्रोलला हवा कमी लागते, साधारण १३.५ भाग. दहा टक्के मिश्रणाला १४.१ लागायची. म्हणजे जुन्या गाडीत नुसत्या इंधनामुळे ट्रिम चारेक टक्के वर सरकते. तेवढ्याने दिवा लागत नाही. पण आधीच कुठेतरी बारीक गळती असेल, तर ती याने काठावरून पलीकडे जाते. अशा वेळी सगळा दोष पेट्रोलवर टाकला की गळती तशीच राहते.

गळती शोधायला चांगल्या गॅरेजात स्मोक मशीन असतं. इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून बघतात. दहा मिनिटांचं काम. चालू इंजिनवर क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते ऐकणं ही जुनी युक्ती आहे, पण गरम मॅनिफोल्डजवळ ती आग लावू शकते.

‘मग ब्लूटूथचा स्कॅनर घेऊन मीच बघतो’

काही शे रुपयांत मिळणारं ते छोटं डोंगल कामाचं आहे. घ्यायला हरकत नाही. फक्त त्याच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात. ते बहुधा इंजिनाचे, प्रदूषणाशी संबंधित कोड वाचतं. एबीएस, एअरबॅग, ऑटो गिअरबॉक्स त्याला दिसतीलच असं नाही. पोर्टमध्ये कायमचं खोचून ठेवलं तर हळूहळू बॅटरी खातं.

मोठा धोका ‘क्लिअर’ बटणाचा. कोड पडला त्या क्षणी गाडीचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान, भार असं सगळं ईसीयू टिपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड थंड इंजिनला आला की घाटात, हे त्यावरून कळतं. क्लिअर मारलं की तेही पुसलं जातं, आणि गाडी पुन्हा गरम-थंड होऊन ठरावीक परिस्थितीत धावेपर्यंत ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण राहतात. म्हणजे गॅरेजला गाडी नेता तेव्हा तिची पाटी कोरी. आधी फोटो काढा, मग हवं तर पुसा.

आणि दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा. स्थिर दिव्यावर, गाडी नीट चालत असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापून वितळू शकतो. वेग कमी करायचा, थांबायचं. एखाद्या कॉइलवर भागणारं काम अशा वेळी कन्व्हर्टरपर्यंत जातं, आणि कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू असल्याने त्याचं बिल सोनाराच्या हिशेबाने येतं.

पार्ट बसवला, गाडीला सांगितलं का?

पूर्वी नट आवळला की काम संपायचं. आता अनेक कामांत नट आवळल्यावर दुसरा अर्धा भाग सुरू होतो.

कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा इंजिनच्या, इंजेक्टरचं बघा. डिझेलचा दाब २,००० बारपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या आठशे पटींहून जास्त. इतक्या दाबाखाली दोन इंजेक्टर तंतोतंत सारखं डिझेल फवारत नाहीत. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि त्याचा फरक एका कोडच्या रूपात त्याच्या डोक्यावर छापतात. इंजेक्टर बदलला, किंवा सफाईसाठी काढून एकचा तीनला बसवला, तर तो कोड स्कॅनरने ईसीयूत त्या त्या सिलिंडरसमोर भरावा लागतो. नाही भरला तरी गाडी चालते. फक्त आयडलला थरथरते, काळसर धूर टाकते, एव्हरेज घसरतं, आणि नवा इंजेक्टर खराब निघाला म्हणून भांडण होतं.

जाता जाता एक इशारा, जुन्या हातांसाठी. पूर्वीच्या डिझेलमध्ये इंजिन चालू ठेवून नोझलची लाइन ढिली करायचे आणि कोणता सिलिंडर मिसिंग आहे ते शोधायचे. कॉमन रेलवर हे कदापि करू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, आत डिझेल पसरतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीची क्लच प्लेट बदलली की क्लच कुठे धरतो ते गाडीला पुन्हा शिकवावं लागतं. नाहीतर नवीन प्लेट घालूनही गाडी धक्के मारते. थ्रॉटल बॉडी साफ केली तर आयडलचं लर्निंग करावं लागतं, कारण ईसीयूने कचऱ्यासकट हिशेब बसवलेला असतो; कचरा गेला की आरपीएम चढतं. (थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नये, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.) अलाइनमेंटमध्ये स्टिअरिंगचा मध्य बदलला तर त्याच्या अँगल सेन्सरला नवा मध्य सांगावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड काढण्याआधी स्कॅनरने ब्रेक ‘सर्व्हिस मोड’मध्ये न्यावा लागतो. सी-क्लॅम्पने जबरदस्तीने पिस्टन दाबला तर मोटर गेली म्हणून समजा.

बॅटरीसुद्धा आता साधी राहिली नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच बॅटरी लागते. साधी घातली तर लवकर बसते. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बहुधा एक छोटा सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो. चार्जर किंवा जंप-केबलचा निगेटिव्ह चिमटा थेट टर्मिनलला लावला तर हा करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि हिशेब चुकतो. चिमटा बॉडीला किंवा इंजिनच्या लोखंडाला लावावा.

डिझेल, डीपीएफ आणि कॉलेज रोडचे तीन किलोमीटर

बीएस-सहा डिझेलचा जास्तीत जास्त मनस्ताप इथे आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची चाळणी. सिरॅमिकच्या बारीक नळ्या, एक पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतून झिरपून जावं लागतं आणि काजळी मागे राहते. चाळणी भरत आली की पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर ते कळवतो. मग ईसीयू जास्तीचं डिझेल उशिरा फवारून धूर तापवतो आणि साधारण ६०० अंशांना ती काजळी जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात.

हे जळणं पुरं व्हायला बरी गती आणि पंधरा-वीस मिनिटं सलग लागतात. महात्मानगरहून कॉलेज रोड, तिथून गंगापूर रोड, दोन-तीन किलोमीटर आणि इंजिन बंद, असं रोज चाललं तर दर वेळी जळण अर्धवट राहतं. चाळणी भरत जाते. शिवाय उशिरा फवारलेलं डिझेल पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला मारतं. ते बदलावंच लागतं.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखता येतं: आयडल थोडं चढलेलं, रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात, मीटरवरचं क्षणाक्षणाचं एव्हरेज पडलेलं, जरासा जळका वास. तेव्हा गाडी बंद न करता एक मोठी चक्कर मारावी. आठ-पंधरा दिवसांतून एकदा इगतपुरीकडे किंवा सिन्नरकडे हायवेने ६०-७० च्या वेगाने, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून अर्धा तास जाऊन आलात तर बहुतेक शहरी गाड्यांचं भागतं. कसाऱ्याचा घाट उतरण्याचा मात्र उपयोग नाही. उतारावर इंजिनवर भार नसतो, धूर तापत नाही. चढताना काम होतं.

दिवा लागूनही दुर्लक्ष झालं तर गॅरेजात स्कॅनरने जबरीचं रिजनरेशन करतात. त्याआधी मेकॅनिकने भरलेल्या काजळीचा आकडा बघायला हवा. कंपनीच्या मर्यादेपलीकडे गेली असेल तर जाळू नये, चाळणी आतून तडकते. ती उतरवून धुवावी लागते. जाळायचंच असेल तर गाडी मोकळ्यावर, खाली वाळकं गवत नाही असं बघून, आणि नंतर ऑइल-फिल्टर बदल. त्याहून महत्त्वाचं, चाळणी कशामुळे भरली ते शोधणं. ठिबकणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), टर्बोचा फाटका पाइप, किंवा नुसती दाबाच्या सेन्सरची चिरलेली रबरी नळी. ती नळी शे-दोनशे रुपयांची असते आणि तिच्यापायी डीपीएफ बदलण्याचे सल्ले मिळतात.

राखेचा मामला वेगळा. काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधून. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइलच घालायचं, डब्यावर सी३ वगैरे सी-वर्गाचा शिक्का असलेलं, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते. नेहमीचं ट्रकचं ऑइल स्वस्त पडतं. चाळणी मात्र लवकर कायमची बुजते.

‘डीपीएफ काढून आत पोकळ पाइप टाकून देतो, कटकटच नको’ असं सांगणारे भेटतील. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. आणि तांत्रिक बाजूने बघितलं तर चाळणी काढल्यावर दिवा लागू नये म्हणून ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं. एकदा गाडीला खोटं बोलायला शिकवलं की पुढचा खरा बिघाडही ती लपवते.

काच बदलली आणि गाडी उगाच ब्रेक मारायला लागली

समोरच्या काचेमागे, आरशाजवळ कॅमेरा असलेल्या गाड्या आता मध्यम किमतीतही मिळतात. लेनवर लक्ष ठेवणं, समोरचं वाहन ओळखून ब्रेक लावणं, याला एडास म्हणतात. दगड उडून काच फुटली, नवीन बसवली, की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो. कॅमेरा एक अंश जरी वाकडा झाला तरी ५० मीटरवर चूक ८७ सेंटीमीटरची होते, १०० मीटरवर पावणेदोन मीटर. हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्यासमोर आहे असं गाडीला वाटू शकतं.

जुळवणीच्या दोन पद्धती आहेत. एकीत सपाट जमिनीवर गाडीसमोर मिलिमीटरने मोजून ठरावीक नक्षीचा बोर्ड ठेवतात. दुसरीत स्कॅनर जोडून, पट्टे ठळक असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात. कोणती करायची ते कंपनी ठरवते, काहींना दोन्ही लागतात. आधी टायरची हवा आणि अलाइनमेंट ठीक हवी. विम्यातून काच बदलत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्येच लिहून घ्या. सर्व्हेअर येऊन गेल्यावर वाढवणं अवघड जातं.

डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनाही हे लागू आहे. रडार पुढच्या बंपरमागे किंवा लोगोमागे असतं. त्या जागी पुटी भरली किंवा रंगाचे थरावर थर चढवले तर रडारच्या लहरी अडतात. आणि बॉडीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवणं, वेल्डिंगची अर्थिंग जवळच लावणं हे नियमाने व्हायला हवं. एका ठिणगीच्या करंटने एअरबॅगचा संगणक जातो आणि दोष कुणावर येत नाही.

उंदीर आणि गोदेचा पूर

डॅशबोर्डवर एकदम पाच-सात दिवे, स्पीडोमीटर मेलेला, स्कॅनरवर यू-कोडची रांग. हे पाहून ईसीयू गेला असं जाहीर करणाऱ्यापासून सावध राहा. आधी बॅटरी बघायची: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. व्होल्टेज कोसळलं की सगळे संगणक एकदम गांगरतात. मग अर्थिंगचे बोल्ट. त्यानंतर कॅनची लाइन, आणि ती तपासायला महागडं मशीन लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी सोडवून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजायचा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहम यायला हवा, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

तुटण्याचं कारण बहुधा उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत इंजिनची ऊब त्यांना आवडते. तुटलेल्या कॅन वायरी नुसता पीळ देऊन टेप मारून जोडू नयेत. त्या दोन वायरी एकमेकींभोवती गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे बाहेरची विजेची खरखर दोघींवर सारखी पडते आणि रद्द होते. जोडताना सोल्डर करून, स्लीव्ह चढवून तो पीळ तसाच ठेवावा लागतो.

गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की घाटावर लावलेल्या एखाद्या तरी गाडीत पाणी शिरतं. अशा गाडीला सेल्फ मारू नये हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण इग्निशनही चालू करायचं नसतं, काच खाली घ्यायलासुद्धा. एअरबॅगचा संगणक गिअरच्या दांड्याजवळ खाली असतो, सीटखाली जोडण्या असतात. ओल्या कनेक्टरला वीज मिळाली की पिना हिरव्या पडायला सुरुवात होते. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, मग टो करा. गॅरेजला कार्पेट उचलून प्रत्येक कनेक्टर उघडून, क्लीनरने धुऊन वाळवायला सांगा. गाडी वाळून सुरू झाली म्हणून सुटका होत नाही. पाणी वायरीच्या आतून केशनळीसारखं चढतं आणि बिघाड दिवाळीच्या सुमारास डोकं वर काढतो.

इलेक्ट्रिक गाडीचं काय?

ऑइल नाही, क्लच नाही, इंजेक्टर नाही, त्यामुळे काम कमी हे खरं. नारंगी रंगाच्या वायरींत मात्र साधारण तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात, त्यांना प्रशिक्षण नसलेल्याने हात लावायचा नाही. प्रशिक्षित माणूससुद्धा सर्व्हिस प्लग काढतो, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबतो, मीटरने शून्य आलं ते बघतो, आणि १,००० व्होल्टचे हातमोजे घालूनच पुढे जातो. सस्पेन्शन, टायर, ब्रेक, केबिन फिल्टर ही कामं कोपऱ्यावरचं गॅरेज करू शकतं. मोटरच वेग कमी करत असल्याने पॅड खूप टिकतात. उलट ब्रेक वापरात नसल्याने डिस्क गंजते आणि कॅलिपर अडकतात. वजन आणि पिकअपमुळे टायर लवकर जातात. आणि गाडी ‘पूर्ण मेली’ असं वाटलं तर आधी साधी १२ व्होल्टची बॅटरी बघा. मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायला तीच लागते.

‘मग कंपनीच्याच वर्कशॉपला बांधून घ्यायचं का?’

वॉरंटीत असताना बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, असं सरसकट सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात नेमकी हीच सरसकट अट घालू नये असं म्हटलं होतं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळावीत, असंही त्यात होतं. आदेशावर कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. प्रत्यक्षात मात्र काही कामांना, विशेषतः किल्ली, ईसीयूचं सॉफ्टवेअर आणि सुरक्षेच्या यंत्रणांना, कंपनीच्या सर्व्हरचा पासवर्ड लागतो. ती कामं तिथेच करावीत. बाकी ब्रेक, सस्पेन्शन, कुलिंग, क्लच, साधं इलेक्ट्रिकल काम चांगल्या बाहेरच्या गॅरेजात बिनधास्त करता येतं.

‘मशीन लावायचे वेगळे पैसे कशाला?’

नुसता कोड वाचायला दोन मिनिटं लागतात, त्याचे फार पैसे नसावेत. पण ट्रिम बघणं, प्रेशर मोजणं, वायर तपासणं यात दीड-दोन तास जातात आणि शेवटी निघते ती शंभर रुपयांची नळी. आपण पार्टचे पैसे विनातक्रार देतो आणि शोधायच्या वेळेचे द्यायला कुरकुरतो. मग मेकॅनिकनेही पार्ट बदलूनच कमवायचं ठरवलं तर त्याला एकट्याला दोष कसा द्यायचा? तपासणीचा दर आधी ठरवा, आणि कोणती मोजमापं घेतली, काय आकडे आले ते बिलावर लिहून मागा. ‘सेन्सर खराब’ एवढंच सांगणाऱ्याला विचारा, त्या सेन्सरला पाच व्होल्ट पोहोचत होते का, अर्थिंग मिळत होती का? हे मोजलं नसेल तर पार्ट अजून मागवू नका.

‘जुना मिस्त्री तर कानानेच ओळखायचा’

तो कान अजून लागतोच. फुटलेलं इंजिन माउंटिंग, बोलणारं व्हील बेअरिंग, ढिला बॉल जॉइंट, घसरणारी क्लच प्लेट यांच्यापैकी बहुतेकांवर सेन्सर नसतो, स्कॅनर ‘सर्व ठीक’ म्हणतो. मिसिंगचा कोडसुद्धा सरळ नाही. ईसीयू मिसिंग ओळखतो ते क्रँकशाफ्टच्या गतीतल्या हिसक्यांवरून, आणि खड्ड्यांतून चाक आपटलं की तेच हिसके उलट्या दिशेने क्रँकपर्यंत जातात. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर हे काही विरळ नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांत ईसीयू एबीएसच्या चाक-सेन्सरांना विचारतो, रस्ता खराब आहे का, आणि तसं असेल तर मिसिंगची नोंद करत नाही. चाकाचाच सेन्सर बंद असेल तर विचारणार कुणाला? तेव्हा मिसिंगचा कोड आणि एबीएसचा दिवा एकत्र आले असतील, तर कॉइल आणि प्लग मागवण्याआधी चाकाजवळची ती चिखलाने भरलेली वायर उपसून बघा.